तुमचे प्रश्न : तोंडाला कुठलं तेल लावू?

मागच्या अंकात एका उत्तरात जाता जाता मी लिहिलं होतं की रात्री तोंडाला दोन थेंब तेल लावलं तर काही बिघडत नाही, फक्त कुठलं तेल ते बघून लावा. बस, एवढंच. त्यावर इतक्या मेल आणि इतके व्हॉट्सअ‍ॅप आले की संपादक म्हणाले, आता या वेळचं सदर तेलावरच करून टाका. बऱ्याच जणींनी बाटल्यांचे फोटो पाठवलेत, ते पण मागच्या लेबलसकट, त्याबद्दल खास थँक्यू, कारण पुढच्या बाजूला फूल, पान आणि ‘ग्लो’ एवढंच असतं, त्यावरून मला काय कळणार. मी पंधरा वर्षं क्रीम-लोशनच्या लॅबमध्ये काढलीत, पण डॉक्टर नाहीये, हे धरून वाचा.

प्रश्न : ताई, माझ्याकडे फेस ऑइलच्या तीन बाटल्या झाल्यात. कुमकुमादी ६५० रुपये, रोझहिप ८९९ आणि एक आर्गन फेस ऑइल सेलमध्ये ५४९ ला, सगळ्या ३० मिलीच्या. वय ३६, स्किन कॉम्बिनेशन, गालांवर हलके डाग आहेत. तिन्हींमधलं चांगलं कुठलं? नवरा म्हणतो तिन्ही एकाच घाण्यातून आलीत. (एक वाचक, पुणे)

उत्तर : नवरोबांचं अर्धं बरोबर आहे, पण हे त्यांना लगेच सांगू नका.

आर्गनपासून सुरू करते कारण तुमच्या फोटोत तेच लेबल नीट वाचता येतंय. क्रम असा आहे बघा: कॅप्रिलिक कॅप्रिक ट्रायग्लिसराइड, मग हेलिअँथस अ‍ॅन्युअस म्हणजे आपलं सूर्यफूल, मग प्रुनस अमिग्डॅलस डल्सिस म्हणजे बदाम तेल, मग टोकोफेरिल अ‍ॅसिटेट म्हणजे व्हिटॅमिन ई, मग परफ्यूम, आणि परफ्यूमच्या पाठीमागे अगदी शेवटी आर्गानिया स्पिनोसा म्हणजे मोरोक्कोचं आर्गन. आपल्याकडे नियम असा आहे की कॉस्मेटिकमध्ये जे घटक एक टक्क्याहून जास्त आहेत ते उतरत्या क्रमाने लिहायचे आणि एक टक्का किंवा त्याच्या आतले जे आहेत ते त्यांच्यामागून कसेही लिहिले तरी चालतात. आता फेस ऑइलमध्ये परफ्यूम बहुतेक वेळा एक टक्क्याच्या आतच असतो, मग त्याच्याही मागे बसलेलं आर्गन किती असेल? ३० मिलीचा एक टक्का म्हणजे ०.३ मिली. ड्रॉपरने मोजलेत तर सहा-सात थेंब, संपले. म्हणजे तुम्ही ५४९ रुपयांना सूर्यफूल, बदाम आणि खोबरेल किंवा पामच्या बियांच्या तेलापासून काढलेलं एक हलकं तेल घेतलंत. ते तेल वाईट नाहीये हं, उलट कॅप्रिलिक कॅप्रिक लवकर खवट होत नाही आणि चिकटही लागत नाही, लॅबमध्ये आम्ही ते डोळे झाकून वापरायचो. फक्त मोरोक्कोच्या नावाने पैसे द्यायचं कारण नव्हतं.

आणि खरं सांगू का, अख्खी बाटली अस्सल आर्गनची असती तरी मी तेच विचारलं असतं की त्यात आहे काय. कुठलंही बियांचं तेल घ्या, त्याचा नव्वद-पंचाण्णव टक्क्यांहून जास्त भाग म्हणजे फॅटी अ‍ॅसिडची ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे साधी चरबीच. त्यात तोंडासाठी मुख्य दोन नावं बघायची, ओलेइक आणि लिनोलेइक. लिनोलेइक आपलं शरीर स्वतः बनवू शकत नाही आणि त्वचेचा जो वरचा थर पाणी धरून ठेवतो त्यातल्या सेरामाइड नावाच्या चरबीला ते लागतं, अशी तेलं पातळ असतात, लवकर मुरतात. ओलेइकवाली तेलं जड, मऊ, रात्रभर तोंड तुकतुकीत ठेवणारी, पण ओलेइकची एक खोड आहे, ते त्या थरातली चरबी विस्कटतं. औषध कातडीतून आत जावं म्हणून मलमांमध्ये ते मुद्दाम घालतात, यावरून समजा. कोरड्या राठ त्वचेला थोडं चालतं, नाजूक किंवा पिंपलवाल्या त्वचेला नको. आर्गनमध्ये ओलेइक साधारण ४५ टक्के आणि लिनोलेइक एक तृतीयांशाच्या आसपास. आता गंमत अशी की आपल्या साध्या शेंगदाणा तेलाचे आकडे याच्या बरेच जवळ येतात, तिळाचेही फार लांब नाहीत. फरक आहे तो उरलेल्या टक्का-दोन टक्क्यांत, व्हिटॅमिन ई आणि स्टेरॉल वगैरे, आणि कंपन्या जाहिरात करतात ती सगळी त्या टक्का-दोन टक्क्यांची. (म्हणून उद्यापासून शेंगदाणा तेल तोंडाला लावा असं मी म्हणत नाहीये, दाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी तर अजिबातच नको.)

रोझहिपच्या लेबलवर एकच नाव आहे, रोझा कॅनिना. छान. रानगुलाबाच्या फळांतल्या बियांचं हे तेल. यात लिनोलेइक साधारण ४५ टक्के आणि वर जवसात असतं ते अल्फा लिनोलेनिक भरपूर, ओलेइक कमी. कॉम्बिनेशन स्किनला तिन्हींमधलं हेच बरं. पण बाटलीवर ‘व्हिटॅमिन सी युक्त’ लिहिलंय ना, त्यावर काट मारा. रानगुलाबाच्या फळाच्या गरात व्हिटॅमिन सी चिक्कार असतं हे खरं, पण ते पाण्यात विरघळणारं, तेलात उतरतच नाही. आणि हे तेल फार लवकर खराब होतं, फोडल्यावर फ्रिजच्या दारात ठेवा आणि सहा महिन्यांत संपवा. रंग नारिंगी आहे, पांढरा अभ्रा असेल तर बदलून झोपा.

कुमकुमादीचं लेबल वेगळ्या जातीचं आहे. ते आयुर्वेदिक औषधाच्या लायसन्सवर आहे, त्यामुळे त्यावर तो उतरता क्रम नाहीये. ‘प्रत्येक १० मिलीमध्ये’ म्हणून केशर, चंदन, मंजिष्ठा, ज्येष्ठमध अशी मिलिग्रॅममध्ये लांबलचक यादी आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात ‘तिल तैल क्यू. एस.’. हे क्यू. एस. म्हणजे ‘पुरेसं होईल इतकं’, आणि बाटलीत जवळजवळ सगळं तेच आहे, तिळाचं तेल. तिळात ओलेइक आणि लिनोलेइक जवळपास सारखंच, दोन्ही चाळीस टक्क्यांच्या आसपास. शास्त्रात पण तिळाचंच सांगितलंय, तेव्हा ही फसवणूक नाही, पण केशराच्या नावाने आपण तीळ विकत घेतोय हे माहीत असू दे. केशराचं म्हणाल तर दोन काड्या दुधात टाका आणि दोन तेलात टाका, दुधात रंग सुटेल आणि तेलात काड्या तशाच पडून राहतील, कारण केशराचा तो पिवळा रंग पाण्यात विरघळणारा आहे. त्यामुळे तेल लालभडक दिसलं म्हणजे केशर भरपूर असा हिशोब करू नका.

तर तुमच्यासाठी, रोझहिप रात्री तीन थेंब, ओलसर तोंडावर. तेल स्वतः पाणी देत नाही, असलेलं अडवून ठेवतं, म्हणून कोरड्या तोंडावर चोपडून उपयोग नाही. कुमकुमादी डिसेंबर-जानेवारीसाठी ठेवा. ते आर्गनवालं केसांच्या टोकांना लावून संपवा. आणि डागांवर यातलं कुठलंच तेल सनस्क्रीनइतकं काम करणार नाही, तेव्हा चौथी बाटली घ्यायचीच असेल तर सनस्क्रीनची घ्या.

प्रश्न : आम्ही सोलापूर जिल्ह्यातले शेतकरी. घरच्या करडईचं तेल लाकडी घाण्यावर काढून आणतो. आमची मंडळी हिवाळ्यात तोंडाला तेच लावते, तीस वर्षं झाली. आता पुण्याची सून आलीये, ती म्हणते आई, स्वयंपाकाचं तेल तोंडाला लावू नका, पिंपल येतील. रोज यावरून बोलणं होतं. तुम्ही निकाल द्या. (एक वाचक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : काका, निकाल काकूंच्या बाजूने. सूनबाईंनी रागावू नये, त्यांचं पण थोडं बरोबर आहे, सांगते.

वर पुण्याच्या ताईंना मी जे लिनोलेइक सांगितलं ना, ते रोझहिपमध्ये साधारण ४५ टक्के. तुमच्या करडईत ७० ते ७८ टक्के! एवढं लिनोलेइक असलेली तेलं जगात फार नाहीत. ज्या करडईवर सोलापूरला आणि फलटणला इतकी वर्षं संशोधन झालं, जिच्या काट्यांमुळे काढणीला मजूर मिळत नाहीत म्हणून शेतकऱ्यांनी ती सोडत आणली, तीच करडई परदेशी बाटलीवर कार्थमस टिंक्टोरियस म्हणून लिहिलेली असते आणि आपल्या मुली ती ऑनलाइन मागवतात. तुम्ही लिहिलंय तुमच्याकडे घाण्यावर किलोला साडेतीनशे पडतात, म्हणजे ३० मिलीचे झाले दहाएक रुपये. तीन थेंब रोज धरले तर हिवाळा निघून उरेल.

आता सूनबाईंची बाजू. स्वयंपाकाचं तेल म्हणजे कुठलं? कढईत एकदा तापलेलं तर नकोच नको. दुकानातल्या पाकिटावर ‘ब्लेंडेड’ लिहिलं असेल तर त्यात करडई किती आणि दुसरं काय ते बारीक अक्षरात शोधावं लागतं. ‘हाय ओलेइक’ असं लिहिलेली करडई किंवा सूर्यफूल वेगळ्या वाणाचं असतं, त्यात आकडे बरोब्बर उलटे होतात, ओलेइक ७५ टक्क्यांच्या वर, त्यामुळे मी सांगते तो फायदा त्यात नाही. घाण्याचं तेल घरी आणल्यावर चार-पाच दिवस गाळ खाली बसू द्या, वरचं निवळ पातळ सुती कापडातून गाळा आणि तोंडासाठीचं छोट्या गडद काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून वेगळं ठेवा. काठोकाठ एवढ्यासाठी की वर हवा राहायला नको.

हवेचं सांगते. तुमच्या घरी तेलाच्या किटलीला बाहेरून तो पिवळा चिकट थर बसतो ना, जो साबणाने पण निघत नाही, नखाने खरवडावा लागतो, ते दुसरं काही नाही, लिनोलेइकवालं तेल हवेशी लागून वाळलेलं असतं. चित्रकार ऑइल पेंटमध्ये, पांढऱ्या रंगात विशेष करून, करडईचं तेल घालतात ते ह्याच गुणासाठी, वाळतं पण जवसासारखं पिवळं पडत नाही. रंगाला हा गुण, तोंडाला दोष. म्हणून असं तेल थोडं-थोडं काढायचं आणि ताजं असेपर्यंत वापरायचं, तीस किलोच्या डब्यातलं वर्षभर नको.

अजून एक, करडई आणि सूर्यफूल दोन्ही गाजरगवताच्याच कुळातले. घरात कुणाला गाजरगवताची अ‍ॅलर्जी असेल तर त्यांनी आधी कोपराच्या आतल्या बाजूला सकाळ-संध्याकाळ आठवडाभर लावून बघावं, मग तोंड. काकूंना तीस वर्षांत काही झालं नाही, त्यांना ही परीक्षा माफ.

प्रश्न : हाय ताई, मी १९ वर्षांची, सावंतवाडीची. कपाळावर बारीक बारीक पुरळ आलंय, सगळे दाणे एकसारखे, कधी कधी खाज पण येते. आजी म्हणते खोबरेल तेल लाव, तिने आयुष्यभर दुसरं काही लावलं नाही आणि तिची स्किन खरंच सुंदर आहे. गुगल म्हणतं खोबरेल ४ नंबर आहे. कोणाचं ऐकू?

उत्तर : अगं, आजीची स्किन आजीची आहे, तिच्या वयात ती तेलाची फॅक्टरी बंद झालेली असते, तुझी तीन शिफ्टमध्ये चालू आहे.

तो ४ नंबर म्हणजे कॉमेडोजेनिक स्केल, शून्य ते पाच, किती रोमछिद्रं बुजतात त्याचं. तो आला कुठून माहितीये? सशाच्या कानावरून. सशाच्या कानाच्या आतल्या बाजूला तेल लावून छिद्रं किती फुगतात ते बघत. सशाचा कान माणसाच्या तोंडापेक्षा कितीतरी नाजूक, त्यामुळे तो आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. पण खोबरेलात लॉरिक अ‍ॅसिड निम्म्याच्या आसपास आणि एकूण नव्वद टक्के सॅच्युरेटेड, लिनोलेइक अगदी नावाला, तेव्हा पिंपलवाल्या तोंडाला ते मीही देणार नाही. हातापायांना लाव की. फिलिपिन्समध्ये २००४ साली कोरड्या त्वचेवर व्हर्जिन खोबरेल आणि मिनरल ऑइल (पेट्रोलियमपासून काढलेलं तेल) असं लावून बघितलं होतं, दोन्ही सारखेच उपयोगी पडले. तेव्हा आजी चुकीची नाही, जागा चुकीची.

तुझ्या पत्रात दुसरंच काहीतरी वाटतंय मला. एकसारखे दाणे आणि खाज, हे साधे पिंपल नसून मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टमुळे पण असू शकतं, पावसाळ्यात पाठीवर शिबं उठतात ती ह्याचीच करामत. हे यीस्ट आपल्या तेलातल्या फॅटी अ‍ॅसिडवर जगतं, त्याला खोबरेल काय, आर्गन काय, सगळं जेवणच. तर आत्ता कपाळाला कुठलंच तेल नको आणि एकदा स्किनच्या डॉक्टरांना दाखव, क्रीम वेगळं लागतं. तोपर्यंत एक बघ, केसांना तेल रात्री लावून झोपतेस का? उशीचा अभ्रा सकाळी बोटाने चोळून बघ, तेलकट लागला तर कपाळावर आलंय ते तिथूनच. तेल न्हायच्या आधी तासभर लाव, रात्रभर नको.

आणि तुमच्याकडे मुठेल मिळतं ना, कोकमाच्या बियांचं, ते गोळे? ओठांना आणि टाचांना त्याच्यासारखं दुसरं नाही. निम्म्याहून जास्त स्टिअरिक अ‍ॅसिड म्हणून हातात घेतलं तरी पटकन वितळत नाही, अंगाच्या उष्णतेने हळूहळू वितळतं आणि फटीत बसतं. शहरात हेच कोकम बटर म्हणून छोट्या डबीत विकतात. कपाळाला मात्र तेही नको.

प्रश्न : सुरकुत्या-डागांच्या क्रीममध्ये असतं ते बाकुचिऑल फार महाग आहे म्हणून मी वनौषधीच्या दुकानातून बावचीचं तेल आणलं, बाकुचिऑल बावचीपासूनच काढतात ना? दोन रात्री डाव्या गालावर लावलं. काल दुपारी स्कूटरवरून ऑफिसला गेले, आज गाल लाल झालाय आणि आग होतेय. काय करू? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : या ताईंना मी मेल वाचल्या वाचल्या उत्तर दिलं होतं, अंक येईपर्यंत थांबण्यासारखी ही गोष्ट नव्हती. तेल लगेच बंद, गाल साध्या सौम्य फेसवॉशने धुऊन टाका, उन्हात जाऊ नका, खिडकीच्या काचेजवळ पण बसू नका, आणि आजच्या आज स्किनच्या डॉक्टरांकडे जा. त्या गेल्या. आता बरं आहे, पण गालावर तपकिरी डाग राहिलाय आणि असा डाग जायला कित्येक महिने लागतात. त्यांच्या परवानगीने इथे छापतेय कारण अशाच अजून दोन मेल आल्यात.

बाकुचिऑल बावचीच्या बियांतूनच येतं हे खरं. पण त्याच बियांत सोरालेन असतात. सोरालेन कातडीत असताना ऊन लागलं की, उन्हातल्या यूव्हीए किरणांमुळे, तिथे अक्षरशः भाजल्यासारखं होतं, फोड येतात, आणि ते लगेच नाही तर एक-दोन दिवसांनी, त्यामुळे लोकांना कळतच नाही कशाने झालं. यूव्हीए काचेतून पण आत येतात. कोडावर बावची वापरतात ती नेमकी या गुणासाठीच, डागावर लावायची आणि मोजून-मापून ऊन द्यायचं, ते सुद्धा वैद्यांच्या देखरेखीखाली. क्रीममधलं बाकुचिऑल त्या सोरालेनपासून वेगळं करून शुद्ध केलेलं असतं. २०१९ च्या एका अभ्यासात ४४ जणांनी बारा आठवडे एक तर ०.५ टक्के बाकुचिऑलचं नाही तर सुरकुत्यांसाठी नेहमी वापरतात त्या रेटिनॉलचं तेवढ्याच टक्क्यांचं क्रीम लावलं होतं, सुरकुत्या आणि डाग दोन्हीकडे कमी झाले आणि रेटिनॉलवाल्यांना सालं निघणं, चुरचुरणं जास्त झालं. ती बातमी वाचून लोक बावचीच्या तेलाकडे वळले. ऊस आणि साखर एकच म्हणण्यासारखं आहे हे, फक्त इथे उसाने तोंड भाजतं.

प्रश्न : मग बदाम तेलात लिंबाचं इसेन्शियल ऑइल चार थेंब घातलं तर डाग जातील का? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : नको. वरचंच उत्तर परत वाचा, दाबून काढलेल्या लिंबाच्या सालीच्या तेलात पण सोरालेनच्याच घराण्यातले पदार्थ असतात. शिवाय लिमोनिन, सिट्रल, लिनालूल असल्या वासाच्या घटकांनी अ‍ॅलर्जी येते, युरोपात तर ते अंगावर राहणाऱ्या वस्तूत ०.००१ टक्क्याच्या वर असले तरी लेबलवर नाव घालून सांगावे लागतात. आपल्या सावळ्या त्वचेवर अशी अ‍ॅलर्जी कधी कधी लाल न होता थेट काळसर डाग म्हणून उमटते, म्हणजे घालवायला गेलो डाग आणि आणला डाग. साधं बदाम तेल लावायचं तर लावा, ओलेइक साठ-सत्तर टक्के आहे, जळगावच्या थंडीत कोरड्या गालांना ठीक. फक्त केसांचं ‘बदाम तेल’ तोंडाला घेऊ नका, मागे बघा, बऱ्याच बाटल्यांत पहिलं नाव मिनरल ऑइल किंवा पॅराफिनम लिक्विडम असतं आणि बदाम शेवटून दुसरा.

प्रश्न : आम्ही जैन आहोत. फेस ऑइलमध्ये असतं ते स्क्वालेन शार्क माशापासून काढतात असं ऐकलं, मग ‘प्लांट बेस्ड’ लिहिलेल्या बाटलीवर ते कसं काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : पूर्वी शार्कच्या यकृतातून काढत, आजही काही ठिकाणी काढतात. पण तेच रेणू ऑलिव्हमधून मिळतात आणि उसाच्या साखरेवर यीस्ट वाढवून पण बनवतात, तुमच्या सांगलीत उसाला काय तोटा. बाटलीवर ‘ऑलिव्ह’ किंवा ‘शुगरकेन’ असं स्पष्ट लिहिलेलं घ्या, नुसतं स्क्वालेन असेल तर कंपनीला मेल टाकून विचारा. हे ट्रायग्लिसराइड नाही, त्यात ओलेइक-लिनोलेइक काहीच नाही, आणि स्पेलिंग squalane असेल (squalene नाही) तर ते सहसा खवट होत नाही. तेलकट त्वचेला सगळ्यात सुटसुटीत हेच. त्याच्या जोडीला होहोबा, ते तर तेलच नाही, पातळ मेण आहे, आणि ते पण खूप टिकतं. लेबलवर त्याचं नाव सिमोंडसिया चायनेन्सिस, पण चीनशी काही संबंध नाही, मूळ अमेरिका-मेक्सिकोच्या वाळवंटातलं झुडूप, नाव देणाऱ्याने चिठ्ठीवरचं ‘कॅलिफ’ हे ‘चायना’ वाचलं म्हणतात.

प्रश्न : डब्लिनला राहते. इथे हीटर चालू झाला की तोंड फुटतं. आई म्हणते ऑलिव्ह ऑइल लाव, इथलं चांगलं असतं. मी एक्स्ट्रा व्हर्जिन लावतेय, पण गाल अजूनच लाल होतात. खोबरेल तर इथे बारा महिने दगड असतं.

उत्तर : खोबरेल चोवीस डिग्रीच्या खाली गोठणारच, डब्लिनला त्याचा नाइलाज आहे. ऑलिव्हचं मात्र तुझ्या गालांनी बरोबर ओळखलंय. त्यात ओलेइक ५५ ते ८३ टक्के, वर मी जी खोड सांगितली तीच. २०१३ साली तुझ्या शेजारी ब्रिटनमध्ये १९ मोठ्या माणसांवर हे बघितलं होतं, एका गटाने एका हातावर ऑलिव्हचे सहा थेंब दिवसातून दोनदा पाच आठवडे लावले, दुसऱ्या गटाने एका हातावर ऑलिव्ह आणि दुसऱ्यावर सूर्यफूल चार आठवडे. ऑलिव्हने त्वचेचा वरचा थर कमजोर झाला आणि हलकी लाली आली, एक्झिमा नसलेल्यांना सुद्धा. सूर्यफुलाने तसं काही झालं नाही, उलट ओलावा वाढला. आईला सांग, तेल खरंच चांगलं आहे, सॅलडवर.

तिकडे सुपरमार्केटमधलं सूर्यफूल घेताना ‘हाय ओलेइक’ नाही ना तेवढं बघ. आणि हीटरने फुटलेल्या तोंडाला नुसतं तेल पुरत नाही, आधी ग्लिसरीनवालं साधं क्रीम ओल्या तोंडावर, वर दोन थेंब तेल.

प्रश्न : माझ्या रोझहिप तेलाला जुन्या चिवड्यासारखा वास येतोय, पण एक्सपायरीला अजून वर्ष आहे. टाकून देऊ? ७९९ ची बाटली आहे हो. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : एक्सपायरी बंद बाटलीची असते, तुम्ही फोडलीत कधी ते तिला माहीत नाही. बाटलीवर उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात ‘६ एम’ असं असेल तर उघडल्यापासून सहा महिने. आणि चिवड्याचा वास आला म्हणजे तुमचं नाक बरोबर आहे, तेल खवट झालंय. त्यातलं व्हिटॅमिन ई तेलाला हवेपासून वाचवायला असतं, ते संपलं की असं होतं. खवट तेलाने त्वचा चुरचुरते, तोंडाला आता नाही लावायचं. दाराच्या बिजागरीला पण घालू नका, करडईच्या किटलीसारखंच महिनाभरात चिकट होईल आणि दार अजून कुरकुरेल. घरी विळी, कोयता, खुरपं असं काही असेल तर त्याच्या लाकडी भागाला फडक्याने चोळा आणि दोन दिवस वाळू द्या, तिथे ते वाळणंच कामाला येतं. फडकं मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, दोरीवर पसरून वाळत घाला, असली तेलाची फडकी ढिगात आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात.